माथा टेकायची चटई

आधी पाय बाजूला घ्या, मित्रांनो. चटई दिसली की पाय पुसायचे ही तुमच्या घरची सवय असेल, माझ्याकडे ती चालायची नाही. मी लव्हाळ्याची चटई आहे आणि पंचावन्न वर्षांची आहे. माझी एक किनार उसवली आहे. मधोमध दोन गोल खळगे पडले आहेत, गुडघ्यांएवढे. लोक त्यांना डाग म्हणतात. मी त्यांना कमाई म्हणते. आणि खळग्यांच्या पुढे, हातभर अंतरावर, जिथे रंग जरा पिवळा झाला आहे, तिथे माणसांची कपाळं टेकतात. मी माथा टेकायची चटई आहे.

कोरियातल्या नाकडोंग नदीच्या काठी एक गाव आहे. तिथल्या पाणथळ तुकड्यात माझा लव्हाळा उगवला. पिलसुनच्या आईने तो उन्हाळा सरताना कापला. पिलसुन म्हणजे माझी मालकीण. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. लव्हाळ्याची काडी उभी चिरतात, वाळवतात, पुन्हा भिजवतात, पुन्हा वाळवतात. हिरवेपणा पार जाईपर्यंत हे चालतं. मग लाकडी दांड्यावर दोऱ्या टांगायच्या, प्रत्येक दोरीच्या टोकाला मुठीत मावेल एवढा दगड बांधायचा, आणि एकेक काडी ठेवून दगड इकडचे तिकडे, तिकडचे इकडे टाकायचे. दोघी मायलेकी समोरासमोर बसून हिवाळाभर हेच करत होत्या. आई म्हणायची, तुझ्या सासरी रजयांचं दुकान आहे, तिथे अंथरूण-पांघरूण काय द्यायचं, त्यांच्याकडे नसेल ते देते. माझ्यावर फुलंबिलं काढली नाहीत. कडेने काळ्या काडीची दुहेरी रेघ, बस्स. फुलाफुलांच्या चटया श्रीमंतांच्या खोलीत नुसत्या लोळत असतात. मला काम होतं.

काम वर्षातून चार-पाच दिवसांचंच, पण ते दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. नव्या वर्षाच्या सकाळी, शरदातल्या सणाच्या सकाळी आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या तिथीला मला कपाटावरून खाली काढत. कोरड्या फडक्याने पुसत. पूर्वजांच्या फोटोपुढे चौरंग मांडत. त्यावर भात, सूप, पेअर, चेस्टनट, वाळवलेले पर्सिमॉन, सुका मासा. आणि चौरंगापुढे मी. घरातले पुरुष एकेक करून यायचे, गुडघे टेकायचे, दोन्ही हात पुढे ठेवायचे आणि कपाळ माझ्यावर ठेवायचे. दोनदा. गेलेल्या माणसाला दोन नमस्कार, जिवंत माणसाला एक. घरातली मोठी माणसं माझ्यापुढे बसली की धाकटे त्यांना नमस्कार करत, तो एकच. हे तिथे पाच वर्षांच्या पोरालाही शिकवावं लागत नाही.

पिलसुनचा नवरा चांगमो. दणकट माणूस, माझ्यावर गुडघे टेकले की माझ्या काड्या कुरकुरायच्या. त्यांना एकच मुलगा, तेगुन. चार वर्षांचा असताना तो पहिल्यांदा माझ्यावर वाकला आणि एका कुशीवर कलंडला. सगळे हसले. तोही पडल्या पडल्या हसला. मग दरवर्षी त्याचे गुडघे थोडे जड होत गेले. माझ्या मधल्या खळग्यांतला अर्धा वाटा बापाचा आहे, अर्धा त्याचा.

आता पक्षाचं सांगते. तुम्ही लहान आहात, पण ऐका, कारण माझ्या आयुष्याची वाट तिथेच वळली.

पिलसुनच्या सासरच्या, म्हणजे आमच्या शहरात कापडाच्या गिरण्या होत्या, रंगाईचे कारखाने होते, आणि मधोमध मोठा बाजार. त्या सगळ्या भागात एकच पक्ष. दुसरा होता, पण त्याला मत देणारा माणूस म्हणजे दुसऱ्या प्रांतातून आलेला, किंवा डोकं फिरलेला. चांगमो बाजार मंडळाचा अध्यक्ष होता आणि आमच्या गल्लीतली मतं त्याच्या शब्दावर पडायची. पक्षाने चारदा नाव बदललं आणि एकदा रंगही. आमच्या घरात कधी नाव घेतच नसत, नुसतं ‘आपली माणसं’ म्हणत, त्यामुळे पाट्या बदलल्या तरी घरात काही बदललं नाही. पिलसुन निवडणुकीच्या दिवशी पहाटे उठून डोक्यावरून पाणी घ्यायची, चांगले कपडे घालायची आणि केंद्र उघडायच्या आत रांगेत उभी राहायची. देवळात जावं तशी.

मग एक वाईट वर्ष आलं. गिरण्या पटापट बंद पडल्या. त्यातच पक्षाचं काहीतरी लफडं बाहेर आलं आणि लोक इतके चिडले की आमच्यासारख्या शहरातही दुकानदार उमेदवाराकडे पाठ फिरवू लागले. तेव्हाचे उमेदवार वयस्कर होते. ते भर बाजारात येऊन म्हणाले, मी माथा टेकून माफी मागतो. आमच्याकडे हे असं करतात. हरायची वेळ आली की पक्षाची मोठी माणसं रस्त्यावर वाकतात. कुणीतरी सहलीला नेतात तसली चंदेरी प्लॅस्टिकची चटई अंथरली. चांगमोने ती पाहिली आणि घरी धावला. मला काखोटीला मारून आणलं.

खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मला फार बरं वाटलं. म्हातारबुवांनी कपाळ माझ्यावर पुरतं टेकवलं. त्यांचा घाम मला लागला. पुढे उभ्या असलेल्या बायका रडल्या. पिलसुनही रडली. पक्ष निवडून आला आणि बाजारात कुणीतरी म्हणालं, चांगमोच्या चटईने राखलं. मी घरी कपाटावर जाऊन बसले ती राणीसारखी.

त्यानंतर जेव्हा जेव्हा पक्षाचं बिनसलं, तेव्हा तेव्हा मला नेलं. चारदा. दरवेळी बाजाराला छप्पर मिळणार होतं, दरवेळी रंगाईच्या कारखान्यांसाठी काहीतरी येणार होतं, दरवेळी म्हणत, फक्त या वेळी, शेवटचं. छप्पर अर्ध्या बाजाराला झालं. आमची बाजू उरलेल्या अर्ध्यात होती. शेजारच्या दुकानात सुकी मासळी विकणारी मालजा पिलसुनला म्हणायची, ‘‘ताई, तुझी चटई पक्षात आमच्यापेक्षा वरच्या जागेवर आहे. साहेब तिला तरी गुडघे टेकतात.’’ पिलसुन तिला एक ठेवून द्यायची, तोंडाने. मालजालाही ते हवंच असायचं. तिशीपासून दोघी एकमेकींना असंच बोलत आल्या होत्या.

रजया खपेनात. लोक लग्नंच करेनात, तर लग्नातल्या रजया कोण घेणार? पिलसुन सकाळी दुकान उघडायची, रजया झटकायची, पुन्हा तशाच रचायची. समोरच्या रांगेतली दुकानं एकेक करून बंद झाली. पहिलं बंद झालं तेव्हा सगळे जमले होते, बोलले होते. आठव्याच्या वेळी कुणी मान वर करून पाहिलंही नाही.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात चांगमो गेला. अंत्यविधीच्या दालनात त्याच्या फोटोपुढे मला अंथरलं, त्याने तसं सांगून ठेवलं होतं. तीन दिवस लोक येत होते, दोन दोन नमस्कार करत होते. बाजार आला, गिरणीतले जुने लोक आले, तेगुनच्या कारखान्यातले आले. पक्षाकडून शोकाचा झेंडा आला, मोठा, खासदार ह्योन साहेबांचं नाव घातलेला. ते म्हातारबुवांच्या नंतरचे. चांगमोने दोनदा त्यांच्यासाठी घरोघर फिरून चपला झिजवल्या होत्या. साहेब आले नाहीत. झेंडा घेऊन आलेल्या माणसाने वहीत नाव लिहिलं, झेंडा दाराशी उभा केला आणि बूट न काढता, नमस्कार न करताच मागे वळला. तिसऱ्या दिवशी तो परत आला आणि झेंडा काढून, काठीला गुंडाळून, घेऊन गेला. तसले झेंडे परत न्यायचेच असतात, दुसऱ्याच्या मयताला लागतात. पण त्याने जरा थांबून न्यायचा होता. प्रेत अजून निघायचं होतं.

मालजा काहीतरी पुटपुटली. पिलसुन म्हणाली, संसद चालू असेल. मीही मनात तेच म्हटलं. चालू असेल.

त्यापुढच्या वर्षी तेगुनचा कारखाना बंद पडला. अठरा वर्षं तो रंगाच्या हौदांपाशी उभा होता, त्याच्या नखांतला निळा रंग सणासुदीलाही जात नसे. माणसं पक्षाच्या कार्यालयात गेली. तिथे त्यांना चहा दिला आणि साहेब राजधानीत आहेत असं सांगितलं. दुसऱ्यांदा गेली तेव्हा चहाही दिला नाही. तेगुन मग घरोघर पार्सल टाकायच्या कामाला लागला. पहाटेच्या आत माल दारात पोचला पाहिजे, म्हणून रात्र गाडीवर आणि दिवस झोपेत. त्याची बायको ह्येवोन एका शाळेच्या स्वयंपाकघरात होती. नवरा-बायकोची भेट जिन्यात व्हायची.

गेल्या शरदातल्या सणाला चौरंग मांडला होता. मी अंथरलेली. पिलसुनचे धाकटे दीर आले होते, भावानंतर पक्षाचं काम तेच पाहत. ते सहज म्हणाले, तेगुन, तुझ्या कारखान्यातले दहा-बारा जण अजून तुझं ऐकतात, एप्रिलात मतदान आहे, त्यांना जरा आपल्याकडे ठेव. तेगुन गुडघे टेकायच्या बेतात होता. तो सरळ उभा राहिला.

‘‘काका, माझंच मत या वेळी तिकडे नाही,’’ तो म्हणाला. ‘‘त्यांचं कुठून ठेवू?’’

त्याने आवाज चढवला नव्हता. आज पाऊस आहे असं सांगावं तसा बोलला. सगळे पिलसुनकडे पाहायला लागले. पिलसुनने हातातली पेअरची ताटली चौरंगावर ठेवली, नीट, देठ वर करून.

‘‘ज्याचं मत बापाच्या पक्षाला नाही,’’ ती म्हणाली, ‘‘त्याचा माथा बापापुढे नको.’’

तेगुन माझ्यापासून मागे सरला. मग त्याने कोट घातला. ह्येवोन स्वयंपाकघरातून आली, तिच्या हाताला पीठ होतं, तिने ते ॲप्रनला पुसलं आणि नवऱ्यामागे गेली. त्या सकाळी माझ्यावर एकट्या दिरांनी नमस्कार केले. त्यांचे गुडघे दुखतात, ते अर्धवटच वाकतात.

मित्रांनो, मी तुम्हाला आवडावं म्हणून गोड बोलणार नाही. त्या सकाळी मीही म्हटलं, बरं झालं. मला वाटायचं, मी नुसती घरची चटई नाही, पक्षाची आहे. ज्या कपाळाने पक्ष सोडला ते मला कशाला हवं? कपाटावर मला गुंडाळून ठेवलं तेव्हा मी ताठ होते. नव्या वर्षालाही तेगुन आला नाही. त्याला बोलावलंच नव्हतं. पुन्हा दीर, पुन्हा अर्धवट. त्यानंतर मला काही वाटेनासंच झालं. बरंही नाही, वाईटही नाही. पिलसुनचंही तसंच असावं. ती रोज दुकान उघडायची, रजया झटकायची, पुन्हा रचायची. मालजा तिला डिवचायची तर ती ‘हं’ म्हणायची. मालजा एकदा म्हणाली, ताई, तुझ्या शिव्या महागल्या का? त्यालाही पिलसुन ‘हं’ म्हणाली.

एप्रिल आला. चांगमोची दुसरी तिथी शुक्रवारी होती, मतदान त्याच आठवड्यातल्या बुधवारी. आदल्या शनिवारी बाजार मंडळाचे नवे अध्यक्ष पांग घरी आले. ह्योन साहेबांचं या वेळी अवघड आहे म्हणाले. साहेब दुपारी बाजारात माथा टेकणार आहेत, चटई पाहिजे. आणि पिलसुनने पुढे खुर्चीवर बसावं, चांगमोची बायको म्हणून. नमस्कार तिला होईल. टीव्हीवर दिसेल.

पिलसुनने नाही म्हटलं नाही. मला खाली काढलं, पुसलं, आणि दुसऱ्या कुणाच्या हातात न देता स्वतः उचलून नेलं. जिना उतरताना दोनदा टेकली.

बाजाराच्या चौकात माणसं जमली होती, पूर्वीएवढी नाहीत. पांगांनी मला जमिनीवर पसरलं, उलटं. पिलसुनने सुलटं केलं. तिला लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, मालजा शेजारी उभी राहिली. बाकीचे दुकानदार अर्धगोलात. साहेब आले. पक्षाच्या रंगाचं जाकीट, आत पांढरा शर्ट. बूट काढले, मोजे नवे होते. ‘‘आई,’’ ते म्हणाले. आमच्याकडे उमेदवार बाजारातल्या सगळ्या बायकांना आईच म्हणतात. ‘‘आई, आम्ही चुकलो. लोकांचं जगणं कठीण झालंय. आम्हाला फटके मारा, पण हात सोडू नका.’’ मग गुडघे टेकले, हात ठेवले आणि वाकले.

मी तुम्हाला सांगते, कपाळ मला लागलं नाही. दोन बोटं वर थांबलं. मला इतक्या वर्षांत ते कधी चुकलेलं नाही, कोण टेकतो आणि कोण थांबतो. साहेब केस विंचरून आले होते.

ते उठले. तेवढ्यात त्यांचा फोटो काढणारा माणूस म्हणाला, साहेब, मधून मोटरसायकल गेली, परत एकदा. त्या क्षणी खरंच एक मोटरसायकल गेली होती, मागे मुळ्यांची पोती बांधलेली. साहेबांनी विचार केला नाही. माणूस म्हणाला परत, ते परत वाकले.

दोनदा.

माशांवर बर्फ टाकणारा एक जण होता, त्याचं फावडं हातात तसंच थांबलं. साहेबांचं डोकं खालीच होतं, त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग माझ्यावर टेकलेले त्यांचे तळवे ओले झाले. वर पाहिलं तर समोर पिलसुन बसलेली, आणि तिच्यामागे सगळा बाजार, अर्धी दुकानं बंद.

मालजा खाली वाकली आणि पिलसुनच्या कानात बोलल्यासारखं करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘ताई, आपण गेलो म्हणायचं. मला कुणी कळवलं नाही.’’

मागे कुणीतरी नाकातून हसलं. बाकीचे हसले नाहीत. चिडलेही नाहीत, हे मला सगळ्यांत जास्त लक्षात राहिलं आहे. पूर्वीचा बाजार असता तर मासळीचं पाणी अंगावर गेलं असतं. आता माणसं एकमेकांकडे पाहत होती, ऐकलेलीच गोष्ट कुणीतरी पुन्हा सांगितल्यासारखी.

साहेब घाईघाईने म्हणाले, ‘‘आई, गैरसमज नको, फोटो नीट आला नव्हता म्हणून—’’

पिलसुन त्यांच्याकडे पाहत होती.

‘‘चूक नाही झाली, साहेब,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या नवऱ्याला करायचे दोन राहिले होते तुमचे. ते झाले. उठा आता, मला चटई घरी न्यायचीय.’’

ते उठले. एक मोजा मुडपला होता, तो तसाच बुटात घातला. पांग मधे पडून काहीतरी बोलत होते, मालजाने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, चटईवर उभे आहात म्हणाली. पिलसुन जमिनीवर बसली आणि मला गुंडाळू लागली. गुंडाळी घट्ट बसेना, पुन्हा उलगडून पुन्हा गुंडाळलं. चौकातली माणसं तोवर पांगली. कुणी तिला शाबासकी दिली नाही. तिनेही कुणाकडे पाहिलं नाही.

घरी गेल्यावर तिने मला कपाटावर ठेवलं नाही. भिंतीला टेकवून उभं केलं. मग बराच वेळ फोन हातात घेऊन बसली. तेगुनने उचलला तेव्हा तो झोपेतून उठला होता, आवाज जड होता. पिलसुनने सणाचा विषय काढला नाही, माफीचा तर नाहीच, ती बाई तसली नाही. म्हणाली, शुक्रवारी बाबांची तिथी आहे, सकाळी ये. त्याने विचारलं, मतदानाचं काय?

‘‘मतदान बुधवारी आहे,’’ पिलसुन म्हणाली. ‘‘मी शुक्रवारचं सांगतेय.’’

आणि तिने फोन ठेवला.

बुधवारी ती गेली. डोक्यावरून पाणी घेतलं नाही. दुकानातल्याच कपड्यांत दुपारी गेली आणि रांग नव्हती म्हणून लगेच आली. तिने शिक्का कुठे मारला ते मला ठाऊक नाही. मालजाने तीनदा विचारलं. दिरांनी विचारलं नाही पण चहा पिताना तिच्याकडे पाहत राहिले. ती कुणालाही काही बोलली नाही. चाळीस वर्षं ती ओरडून सांगत आली होती, आता पडद्याआडची गोष्ट पडद्याआड राहिली. ह्योन साहेब निवडून आले. आमच्याकडे तेच येतात. मतांचा फरक कमी झाला म्हणे, बातम्यांत सांगत होते.

शुक्रवारी सकाळी तिने चौरंग मांडला. भात, सूप, मासा. मला अंथरलं. दीर आले, आपल्या जागी बसले. साडेसात झाले, आठ झाले. सूप दोनदा गरम केलं. दीर म्हणाले, वहिनी, मी उरकून घेऊ का? ती म्हणाली, तुमची गाडी चुकतेय का?

साडेआठला तेगुन आला. अंगावर कामाचं जाकीट, पाठीवर कंपनीचं नाव. ह्येवोनची शाळा होती, ती नंतर येणार होती. त्याने हात धुतले, तोंड धुतलं. निळा रंग नखांतून गेला होता. त्याच्या जागी आता खोक्यांच्या पट्ट्यांनी कापलेल्या बारीक रेघा होत्या. आई म्हणाली, आलास. तो म्हणाला, रस्ता तुंबला होता. एवढंच बोलणं. तो माझ्यापाशी येऊन थांबला. चटईवर यायच्या आधी त्याने आईकडे पाहिलं. ती सूप वाढत होती, वळली नाही. पण पळी हातात धरून थांबली होती.

त्याने गुडघे टेकले.

मी तुम्हाला सांगितलं होतं की मला काही वाटेनासं झालं होतं. त्या सकाळीही फार काही वाटलं असं म्हणणार नाही. वजन ओळखीचं होतं, थोडं कमी झालेलं. पहिला नमस्कार केला, उठला. दुसऱ्यासाठी वाकला, कपाळ माझ्यावर ठेवलं, पुरतं, सगळा भार टाकून. आणि उठला नाही.

एक मिनिट गेलं, दोन गेली. दीर हळू आवाजात म्हणाले, ‘‘वहिनी, रडतोय तो. रडू दे.’’

पिलसुन जवळ आली, खाली वाकून पाहिलं.

‘‘रडत नाहीये,’’ ती म्हणाली. ‘‘झोपलाय.’’

खरंच झोपला होता. त्याचा श्वास माझ्या काड्यांतून जात-येत होता, गरम, संथ. रात्रभर जिने चढून आलेला माणूस, गुडघ्यांवर, हात पुढे ठेवून, जसा वाकला तसाच झोपला. थोड्या वेळाने कलंडला, एका कुशीवर. दीर अस्वस्थ झाले. दुसरा नमस्कार पुरा झालेला नाही, भावाच्या तिथीला असं अर्धवट बरं दिसत नाही, हलकेच उठवावं म्हणाले.

‘‘उठवू नका भाऊजी,’’ पिलसुन म्हणाली. ‘‘तुमच्या भावाला आता कुठे जायचंय? थांबेल.’’

खाली रस्त्यावर गाणं वाजवत एक गाडी आली. निवडून आलेल्यांची गाडी असते ती, गल्लोगल्ली फिरून आभार मानते. कर्ण्यावरून ह्योन साहेबांचा आवाज येत होता, मतदार बंधूंनो, मातांनो, तुमचा विश्वास मी वाया जाऊ देणार नाही. दिरांनी सवयीने मान वळवली. पिलसुन उठली, खिडकी लावली. मग कडी पण घातली. आतल्या खोलीतून तिने एक रजई आणली, कोरी, विकायला ठेवलेली, प्लॅस्टिक तिने तिथेच फाडलं. ती मुलावर घातली. चौरंगावर भाताची वाफ विरत होती. फोटोतला चांगमो सरळ समोर पाहत होता, फोटोत माणसं पाहतात तसा.

तेगुन साडेदहाला जागा झाला. आधी वाजले किती ते विचारलं. मग उठून बसला, रजई बाजूला केली, आणि राहिलेला नमस्कार पुरा केला. पिलसुन म्हणाली, सूप गार झालंय, थांब. तो म्हणाला, गारच दे, भूक लागलीय.

माझी गोष्ट एवढीच. पक्ष अजून आहे, बाजाराचं उरलेलं छप्पर अजून व्हायचंय, तेगुन आजही पहाटेच्या आत पार्सलं टाकतो. तो कुणाला मत देतो आणि त्याची आई कुणाला देते, याचा उल्लेख त्या घरात होत नाही. पांग पुन्हा एकदा मला मागायला आले होते, कसल्याशा पोटनिवडणुकीसाठी. पिलसुनने त्यांना चंदेरी प्लॅस्टिकची चटई विकत घ्यायला सांगितलं, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, धुताही येते म्हणाली.

आता तुम्हाला दोनचार गोष्टी सांगते आणि थांबते. लव्हाळ्याच्या चटईची घडी घालू नका, काड्या मोडतात, गुंडाळा. ओल्या फडक्याने पुसू नका. उन्हात टाकू नका, सावलीत वारा लागू द्या. किनार उसवली तर लगेच दोरा घाला, माझी घालायची राहिली आहे. आणि मोठ्या माणसांच्या भांडणात तुमच्या घरात कुणी कुणाला म्हणालं की तू इथे बसू नकोस, तर तुम्ही जरा सरका आणि त्याला जागा द्या. मला ते करता आलं नाही. मी चटई आहे, मला सरकता येत नाही. शिवाय तेव्हा मला सरकायचंही नव्हतं, तेही लपवत नाही. पिलसुनने तो फोन केला नसता, तर एक आख्खं वर्ष त्याचं कपाळ माझ्यापासून लांब राहिलं असतं, आणि मी कपाटावर ताठ पडून राहिले असते.